‘फोटोसारखं’ म्हणण्यापूर्वी

चित्रप्रदर्शनात एखाद्या वास्तववादी चित्रापुढे उभा राहिलेला साधा रसिक म्हणतो, “वा! अगदी फोटोसारखं!” जाणकार म्हणवणारा समीक्षक त्याच चित्रावरून नाक मुरडत पुढे जातो आणि तोही हेच म्हणतो: अगदी फोटोसारखं. एकाची ती दाद असते, दुसऱ्याची निर्भर्त्सना. गृहीतक मात्र दोघांचे एकच. हुबेहूब चित्र म्हणजे हाताने काढलेला फोटो, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीतकच चुकीचे आहे असे माझे म्हणणे आहे, आणि त्यासाठी मी माद्रिदच्या अंतोनियो लोपेस गार्सिया या चित्रकाराची साक्ष काढणार आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणाची घोषणा झाली आणि दिसते ते जसेच्या तसे उतरवण्याचे काम चित्रकाराच्या हातून यंत्राकडे गेले. त्यानंतर चित्रकाराने आकार मोडावेत, रंग मोकळे करावेत, स्वतःच्या आत पाहावे, हेच सयुक्तिक ठरते. जो अजूनही ग्रीक पुतळ्यांवरून हात बसवतो आणि मापे घेऊन चित्र काढतो, तो कसबी खरा, पण कलावंत नव्हे. त्याच्या कामात मागचा काळ गिरवण्यापलीकडे काही नाही.

हे मत निराधार नाही. प्रोजेक्टरने कॅनव्हासवर फोटो टाकून रंग भरलेली चित्रे आज ढिगाने दिसतात आणि विकलीही जातात. त्यांच्यापुरता समीक्षकाचा निवाडा मला मान्य आहे. पण वाईट उदाहरण पुढे करून सगळी परंपरा निकालात काढता येत नाही. एखाद्या पक्षाचे खंडन करायचे तर त्याच्या सर्वांत भक्कम प्रतिनिधीशी वाद घालावा, हा शास्त्रार्थाचा जुना नियम आहे. लोपेस हा तसा प्रतिनिधी आहे.

लोपेस यांचा जन्म १९३६चा, ला मांचा प्रदेशातल्या तोमेयोसो गावचा. काका अंतोनियो लोपेस तोरेस चित्रकार होते. पहिले धडे त्यांच्याकडचे. तेराव्या वर्षी मुलगा माद्रिदला आला, प्राचीन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटने करू लागला आणि १९५० ते १९५५ या काळात सान फर्नांदो अकादमीत शिकला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्येही विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अशाच प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश गिरवला आहे. ही शिस्त मराठी चित्रकाराच्या ओळखीची आहे.

आता पहिला मुद्दा, काळाचा. ‘ग्रान व्हिया’ हे लोपेस यांचे गाजलेले चित्र जेमतेम तीन फूट लांबरुंद आहे. माद्रिदचा हा गजबजलेला हमरस्ता त्यात पहाटेच्या उजेडात पूर्ण रिकामा दिसतो. लोपेस उन्हाळ्यात साडेसहाच्या सुमारास तिथे जाऊन उभे राहत. हवा तो प्रकाश वीस-तीस मिनिटेच टिके. तो सरला की त्या दिवसाचे काम संपे. पुढचा उन्हाळा आला की पुन्हा तीच जागा, तीच वेळ. १९७४ला सुरू झालेले चित्र १९८१ला पुरे झाले. कॅमेऱ्याने ही पहाट क्षणार्धात टिपली असती, पण ती एकच पहाट झाली असती. चित्रातला प्रकाश कोणत्याही एका दिवसाचा नाही. सात वर्षांतल्या अनेक पहाटांतून पारखून घेतलेला तो प्रकाश आहे. म्हणून ओळखीचा तो रस्ता चित्रात कधी न पाहिल्यासारखा भासतो. ही किमया हुबेहूबपणानेच साधली आहे.

दुसरा मुद्दा नजरेचा. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात लोपेस यांचे १९६७चे ‘बेसिन आणि आरसा’ हे चित्र आहे. न्हाणीघरातले पांढरे बेसिन, वर आरसा, काचेच्या फळीवर दाढीचे आणि रोजच्या वापरातले सामान. पहिल्या नजरेला वाटते, हा तर फोटोच. जरा थांबून पाहिले की उलगडते: आरसा समोरून पाहिलेला आहे आणि बेसिन वरून खाली वाकून. दोन नजरा एका आडव्या पट्ट्याशी येऊन भेटतात, आणि चित्रकाराने तो सांधा लपवलेला नाही. आपण आरशापुढे उभे राहतो तेव्हा नेमके असेच पाहतो. आधी समोर, मग मान खाली घालून. भिंगाला मान नसते. शिवाय त्या आरशात कोणाचेही प्रतिबिंब नाही. चित्रकार समोर उभा असूनही आरसा रिकामा आहे. ज्याला हे चित्र नक्कल वाटते, त्याने मूळ वस्तू कुठे आहे ते दाखवावे.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण इथे कॅमेरा प्रत्यक्ष हजर आहे. १९९०च्या शरद ऋतूत लोपेस आपल्या अंगणातले क्विन्सचे झाड रंगवायला बसले. क्विन्स म्हणजे सफरचंदाच्या कुळातले पिवळेधमक फळ. त्याच्या बिया आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात बिहीदाणा म्हणून मिळतात. व्हिक्टोर एरिसे या दिग्दर्शकाने या कामावर चित्रपट केला आणि १९९२ साली कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळाले. लोपेस उभे राहण्याची जागा पक्की करण्यासाठी जमिनीत खिळे ठोकतात, दोऱ्या ताणतात, ओळंबा सोडतात, पानाफळांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा करतात. पण फळे वाढतात, जड होतात, फांद्या खाली येतात. खुणा सरकत राहतात. पाऊस लागतो, हवा तो प्रकाश जातो. तैलचित्र सोडून द्यावे लागते. मग ते पेन्सिल घेतात, आणि फळे गळू लागतात तेव्हा तेही थांबते. शेवटी रात्रीच्या कृत्रिम उजेडात कॅमेरा एकटाच खाली पडलेली, कुजणारी फळे टिपत राहतो.

नक्कल करणाऱ्याच्या वाट्याला अशी हार येत नाही, कारण त्याचा नमुना स्थिर असतो. लोपेस यांचा नमुना जिवंत होता. त्या जिवंतपणाशी त्यांना इमान राखायचे होते, आणि त्या इमानापायीच चित्र अपुरे राहिले.

यावर प्रतिपक्षी म्हणेल, लोपेस यांनीही फोटोंवरून काम केले आहेच. केले आहे. स्पेनच्या राजघराण्याचे समूहचित्र त्यांनी १९९४च्या सुमारास छायाचित्रांच्या आधारे हाती घेतले. ते लोकांपुढे आले २०१४ साली. फोटोत सारे काही असते तर वीस वर्षे लागली नसती. कोण कोणापासून किती अंतरावर उभा, उजेड कुठून यावा, भिंत किती रिकामी ठेवावी, यातले काहीच फोटोने ठरवून दिले नव्हते.

राहिला जुनाटपणाचा आरोप. १९५७ साली माद्रिदमध्ये ‘एल पासो’ हा गट स्थापन झाला आणि अमूर्त चित्रकलेला प्रतिष्ठेचे स्थान मिळाले. तेव्हा लोपेस एकवीस वर्षांचे होते. प्रवाहाबरोबर जाणे सोपे होते. ते गेले नाहीत. त्यांचे विषय पाहा: फ्रिज, न्हाणीघर, वायेकासच्या अग्निशमन मनोऱ्यावरून दिसणारे शहर. यात मागचा काळ कुठे आहे? अभिजात आहे ती पद्धत. ‘पुरुष आणि स्त्री’ ही लाकडी शिल्पांची जोडी त्यांनी १९६८ ते १९९४ अशी सव्वीस वर्षे घडवली. अनेक माणसांची मापे घेऊन त्यांतून एक पुरुष आणि एक स्त्री सिद्ध केली. प्रमाणाचा हाच शोध ग्रीक शिल्पकारांनी घेतला होता, आणि तो शिळा झालेला नाही.

आपल्या शास्त्रानेही प्रमाण आणि भाव यांचे भांडण कधी लावले नाही. कामसूत्रावरच्या यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. त्यांत प्रमाण आणि सादृश्य आहेत, तसेच भाव आणि लावण्यही आहेत, एकाच पंगतीत. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्राने चित्राचे चार प्रकार मानले आणि सादृश्य साधणाऱ्या पहिल्या प्रकाराला ‘सत्य’ हे नाव दिले. सादृश्य ही यंत्राने हिरावून नेण्यासारखी कारागिरी असती, तर तिला हे नाव मिळाले नसते.

तेव्हा निष्कर्ष असा: कॅमेऱ्याने वास्तववादी चित्रकाराचे काम संपवलेले नाही. क्षण टिपण्याचा भार त्याने स्वतःवर घेतला, आणि दीर्घकाळ पाहणे हे चित्रकाराचे खरे काम उघड केले. माझी रसिकांना आणि समीक्षकांना विनंती आहे की, पुढच्या वेळी ‘फोटोसारखं’ हा शब्द ओठांवर आला की क्षणभर थांबा आणि विचारा, हे किती काळ पाहिलेले आहे? ज्या चित्राला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, ते खुशाल टाकून द्या.

२०२१च्या उन्हाळ्यात, वयाच्या ८५व्या वर्षी, लोपेस माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात भर गर्दीत चित्रफलक मांडून उभे होते. भोवतालच्या माणसांच्या हातात मोबाइल होते, आणि चौक सगळ्यांपुढे सारखाच उघडा होता. लोपेस तो अजून पाहत होते.