गुडघ्यातली दुर्बीण

मंडळी, गेल्या वेळी आपण प्रत्यक्ष या प्रमाणाबद्दल बोललो. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ, आमच्या वयाला साजेसं: गुडघा.

१९१८ साली टोकियोत केन्जी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांच्यापुढे प्रश्न होता क्षयाचा. गुडघ्याला क्षय झाला की सांधा आखडतो, आणि जमिनीवर बसणाऱ्या समाजात पाय न मुडपणारा माणूस पंगतीतूनच बाजूला पडतो. (हे आपल्याला वेगळं सांगायला नको.) सांधा कायमचा आखडण्याआधी आत काय चाललंय ते कळावं, यासाठी ही धडपड. युरोपातही डेन्मार्कचे नोर्डेनटॉफ्ट, स्वित्झर्लंडचे बिर्शर यांनी असे प्रयत्न केले होते. चिकाटीने तो धागा धरून ठेवला तो मात्र जपानने.

ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे एकामागून एक दुर्बिणी बनवत गेले. एकविसाव्या क्रमांकाची जमली. तिच्या टोकाशी इवलासा दिवा होता, तो सांध्यातच फुटायची धास्ती! १९६२ मध्ये वातानाबेंनी फाटलेल्या गादीचा तुकडा दुर्बिणीतून पाहत काढला. पुढे टोरांटोचे रॉबर्ट जॅक्सन टोकियोला आले आणि ही विद्या शिकून पश्चिमेकडे घेऊन गेले.

आज काय करतात? गुडघ्याला दोन छोट्या चिरा. आत मिठाचं पाणी सोडून सांधा फुगवायचा, एका चिरेतून कॅमेरा, दुसरीतून हत्यार. डॉक्टरांचे हात गुडघ्याशी आणि नजर पडद्यावर.

आता गंमत पाहा. ह्यूस्टनमध्ये मोझली आणि सहकाऱ्यांनी झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांवर एक चाचणी केली, ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींचा सांधा आतून साफ केला, काहींचा नुसता धुतला, काहींना फक्त वरवर चिरा दिल्या. रुग्णांना आधी सांगितलं होतं, की तुमच्या वाट्याला खोटी शस्त्रक्रियाही येऊ शकते. दोन वर्षं पाहिलं, तर दुखण्यात काही फरक नाही! ही गोष्ट झिजेची हं. खेळाडूचा तुटलेला स्नायुबंध हा वेगळा विषय.

या चाचणीच्या काही वर्षं आधी आम्हीही झिजेसाठी दुर्बीण करून घेतली होती. कमरेखाली भूल, त्यामुळे पडद्यावर स्वतःची खडबडीत कूर्चा तासली जाताना आम्ही पाहिली. नंतर बरं वाटलं, अगदी खरंच वाटलं. पुढे ही चाचणी वाचली आणि विचारात पडलो: बरं वाटलं ते तासण्यानं, की पाहण्यानं?

असो. जिना चढताना तो हल्ली पुन्हा दुखतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.