किरण मजुमदार-शॉ

किरण मजुमदार-शॉ (जन्म: २३ मार्च १९५३, बंगळूर) या भारतीय उद्योजिका असून 'बायोकॉन' या बंगळूर येथील जैवतंत्रज्ञान व औषधनिर्माण कंपनीच्या संस्थापिका आहेत.

शिक्षण

त्यांचा जन्म गुजराती कुटुंबात झाला. वडील रसेंद्र मजुमदार युनायटेड ब्रुअरीज या कंपनीत मुख्य ब्रूमास्टर, म्हणजे बिअरनिर्मितीचे प्रमुख तज्ज्ञ होते. १९७३ मध्ये बंगळूर विद्यापीठाची प्राणिशास्त्रातील पदवी मिळवल्यावर वडिलांच्याच सूचनेवरून त्यांनी ऑस्ट्रेलियातील बॅलरॅट येथे बिअरनिर्मितीचे शिक्षण घेतले. त्या अभ्यासक्रमात त्या एकमेव स्त्री होत्या.

कारकीर्द

भारतात परतल्यावर ब्रूमास्टरचे पद स्त्रीला देण्यास कोणी तयार होईना. त्याच सुमारास आयर्लंडमधील बायोकॉन बायोकेमिकल्सचे संस्थापक लेस्ली ऑचिंक्लॉस भारतात भागीदार शोधत होते. तत्कालीन कायद्यानुसार परकीय भांडवलावर मर्यादा असल्याने ७० टक्के हिस्सा मजुमदार यांच्याकडे राहिला. १९७८ मध्ये भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये, १०,००० रुपये भांडवलावर बायोकॉन इंडिया सुरू झाली. वय पंचविशीचे, तारण नाही, धंदा अनोळखी आणि मालक स्त्री. त्यामुळे बँका कर्ज देण्यास कचरत.

आरंभीची उत्पादने दोन होती : पपईच्या चिकापासून मिळणारे पपेन आणि माशांच्या वायुकोशापासून काढले जाणारे, बिअर नितळ करणारे आयसिंगग्लास. वर्षभरातच ती परदेशी जाऊ लागली.

बिअर आणि औषध यांचा संबंध वरवर दूरचा वाटतो. परंतु दोन्हींच्या मुळाशी किण्वन, अर्थात आंबवण्याची क्रिया आहे, आणि जे शिक्षण नोकरीच्या कामी आले नाही त्याच्याच आधारावर त्यांची पुढील वाटचाल उभी राहिली. २००४ मध्ये बायोकॉनने 'इन्सुजेन' हे मानवी इन्सुलिन बाजारात आणले. ते पिचिया पास्टोरिस या यीस्टच्या साहाय्याने तयार होते; जात बिअरच्या यीस्टहून वेगळी, पण टाकीत सूक्ष्मजीव वाढवण्याची विद्या तीच.

दरम्यान मालकी अनेकदा बदलली. १९८९ मध्ये आयरिश कंपनी युनिलिव्हरने घेतली. पुढे तो हिस्सा आयसीआय या कंपनीकडे गेला. १९९८ मध्ये जॉन शॉ यांनी तो विकत घेतला. त्याच वर्षी दोघे विवाहबद्ध झाले. २००४ मध्ये समभाग बाजारात नोंदले गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी कंपनीचे मूल्य एक अब्ज डॉलरच्या पुढे गेले.

यानंतर बायोकॉनने बायोसिमिलर औषधांवर भर दिला. पेटंट संपलेल्या जैविक औषधाशी गुण व परिणाम यांत समतुल्य असे हे औषध मूळ औषधापेक्षा स्वस्त पडते. महागड्या उपचारांपासून वंचित रुग्णांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे. स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅबचे बायोसिमिलर कंपनीने मायलनच्या सहकार्याने विकसित केले. त्याला डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. या औषधाचे तेथे मान्यता मिळालेले ते पहिलेच बायोसिमिलर होय.

२०२० पासून त्या कार्यकारी अध्यक्षपदावर आहेत.

सन्मान

पद्मश्री (१९८९), पद्मभूषण (२००५).