धर्म ठरवायचा कोणी?

अंबरनाथ पूर्वेला वालधुनीकाठी शके ९८२चे, म्हणजे इ.स. १०६०चे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. पुरातत्त्व खात्याच्या लेखी ते संरक्षित स्मारक. पायऱ्या उतरून बेल वाहणाऱ्याच्या लेखी देवाचे ठिकाण. धर्म म्हणायचे कशाला, या पेचावर मुंबईत एक खटलाही चालला होता. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याला एका जैन मंदिराच्या वहिवाटदाराने आणि पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनी आव्हान दिले. उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी सदसद्विवेक आणि नीती यांनाच तेवढे धर्म मानले. नास्तिकालाही पटावी अशी ही व्याख्या. आगरकर असते तर खूशच झाले असते! पण तीत घंटा, नैवेद्य, अग्यारीतला अग्नी कुठे बसवायचा? १९५४ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. बी. के. मुखर्जी यांनी ती संकुचित ठरवली. धर्म आचारातूनही प्रकटतो, आणि त्यातला आवश्यक आचार कोणता हे बाहेरच्याने सांगायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी शिरूर मठाच्या निकालात त्यांनीच मान्य केले, की बौद्ध आणि जैन ईश्वर मानत नाहीत, तरी ते धर्मच आहेत. कायद्याची काही कलमे पडली. हिशेब धर्मादाय आयुक्तांपुढे ठेवण्याचे बंधन मात्र कायम राहिले.