दर्या, दरिया आणि सागरी जीवशास्त्र

उर्दूत दरिया म्हणजे नदी. मराठीत दर्या म्हणजे समुद्र. शब्द एकच, फारसीतून आलेला. उर्दू शाळेत मराठी शिकवताना दर वर्षी मुलं इथे अडखळतात आणि मला एक तास आयता मिळतो. बंदर फारसी, खलाशी अरबीकडून आलेला, नाखवा म्हणजे मूळचा नाखुदा, असं सांगता सांगता घंटा होते. गेल्या वर्षी या तासानंतर दहावीतली एक मुलगी थांबली. तिचा प्रश्न शब्दांचा नव्हता. "सर, समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात (आमच्या तोंडी अजून नगरच आहे) नाथसागर पसरलेला आहे, राहुरीला ज्ञानेश्वरसागर आहे. दोन्ही धरणांची पाणी. खरा समुद्र तिने मोबाइलवरच पाहिलेला. मी भाषेचा माणूस, बी.एड. झालेला. मला उत्तर आलं नाही. शोधून सांगतो म्हणालो, आणि शोधता शोधता एक इतिहासच हाती लागला.

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. लोकांनी ते सहलीची जागा म्हणून लक्षात ठेवलं. रत्नागिरीत १९५८ साली सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र सुरू झालं. नंतर १९६१ मध्ये मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आली, तिला १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती गोव्यात दोना पावला इथे आहे. म्हणजे आधी संशोधन आणि खात्याची माणसं तयार करणं, पदवीचे वर्ग बरेच नंतर.

या गोष्टीत आमचा जिल्हाही येतो, हे मला ठाऊक नव्हतं. १९६८ साली साऱ्या महाराष्ट्रासाठी एकच कृषी विद्यापीठ स्थापन झालं. तेच आज राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. त्याच्यातून आधी अकोला आणि १८ मे १९७२ रोजी परभणी व दापोली वेगळे झाले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय काढलं. किनाऱ्यावरच्या पदवीचं हे झाड, आणि त्याचं एक मूळ आमच्या उसाच्या मातीत!

पुढचं वळण आणखी गमतीचं. २००० साली राज्याने पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ काढलं, ते नागपूरला. त्याची मत्स्य महाविद्यालयं नागपूर आणि उदगीरला. गोड्या पाण्यातली मासेपालनाची गरज मी नाकारत नाही, आमच्या धरणांनाही तिचा उपयोग आहे. पण नकाशा समोर ठेवला की हसू येतंच.

शिवाय मत्स्यविज्ञान म्हणजे सागरी जीवशास्त्र नव्हे. पहिल्यात मासे वाढवणं, पकडणं, टिकवणं, विकणं आलं. बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची ती पदवी. दुसऱ्यात प्लवक, प्रवाळ, कांदळवन, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले जीव आले. त्यासाठी बहुधा प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करून मग एम.एस्सी.ला जावं लागतं. जवळची ठिकाणं म्हणजे गोवा विद्यापीठ आणि कारवारला कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग. कारवार १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होतं. दूर तमिळनाडूत अन्नामलाई विद्यापीठाचं परंगीपेट्टईचं केंद्र फार नावाजलेलं. (परंगी म्हणजे आपला फिरंगी. मुलांना हे सांगितलं तर अजून एक तास जाईल.)

रत्नागिरीचं वाचताना मन मिरकरवाड्यात अडकलं. तिथले दाल्दी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे. वारा, पाण्याचा रंग, ओहोटीची वेळ त्यांच्या तांडेलांना तोंडपाठ. पदवीचं महाविद्यालय त्याच शहराच्या अंगाला. पण दार उघडतं ते बारावीच्या विज्ञानावर, आणि आत शिकवणं इंग्रजीत. आपल्या समाजात या दाराबद्दल बोलणंच होत नाही. डॉक्टर, इंजिनिअर, डी.एड., यापुढे आमचं मार्गदर्शन जात नाही, आणि यात मी स्वतःही आलो.

नाव सांगायला मात्र आपल्याकडे मोठं आहे. डॉ. सय्यद जहूर कासिम. जन्म १९२६, अलाहाबाद. एम.एस्सी. अलीगढला, प्राणिशास्त्रात. दोन्ही गावांना समुद्र नाही. अलाहाबादला आहे तो दरिया, उर्दूतला. पुढे वेल्समधून पीएच.डी., कोचीच्या खाडीपाण्यावर संशोधन, १९७४ पासून गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक. भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेते तेच. एकवीस जणांची तुकडी ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. नंतर ते जामिया मिल्लियाचे कुलगुरूही झाले. आमच्या कित्येक उर्दू शिक्षकांना हे नाव माहीत नाही. मलाही गेल्या वर्षीपर्यंत नव्हतं.

मुलीच्या वडिलांना शाळेत बोलावून हे सगळं सांगितलं. ते वेल्डिंगचं काम करतात. अंटार्क्टिकाची गोष्ट त्यांनी मन लावून ऐकली. मग म्हणाले, "सर, वो सब ठीक है, पण पोरीला एवढ्या लांब ठेवायचं कुठं?" मी कागदावर लिहून दिलं: अकरावी-बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह, इथेच. बी.एस्सी. प्राणिशास्त्र, तेही इथेच नगरला. बाहेर जाणं पाच वर्षांनंतर, तेव्हा ती एकवीस वर्षांची असेल. रत्नागिरीची पदवी हवी असेल तर मात्र बारावीनंतर लगेच निघावं लागेल.

कागद घडी घालून त्यांनी खिशात ठेवला. मुलगी आता अकरावीला आहे, विज्ञान शाखेत. इंग्रजी जड जातंय म्हणून रविवारी माझ्याकडे येते. सध्या आम्ही तिचा जीवशास्त्राचा पहिला धडा शब्दकोश घेऊन वाचतोय.