हिकारू नो गो (ब्रिटनच्या संदर्भात)

गो या पटावरील खेळावर आधारलेली जपानी चित्रकथा (मांगा). युमी होत्ता यांची कथा आणि ताकेशी ओबाता यांची चित्रे असलेली ही मालिका १९९८ ते २००३ या काळात ‘शोनेन जम्प’ साप्ताहिकात क्रमशः आली; २००१ पासून तिच्यावर ७५ भागांची ॲनिमे मालिकाही निघाली. आजोबांच्या घरी सापडलेल्या जुन्या पटातून हेइआन काळातील गो-गुरू साई याचा आत्मा शाळकरी हिकारूला भेटतो. खेळाचे नियम ठाऊक नसलेला वाचकही गुंतून राहतो, हे या कथेचे खरे सामर्थ्य.

ब्रिटनला गो या मालिकेने शिकवला नाही. ब्रिटिश गो संघटना १९६४ पासूनच आहे. तिथला लक्षणीय धागा वेगळा आहे. कथेत साई नाव लपवून इंटरनेटवर खेळतो आणि अपराजित राहतो. लंडनच्या डीपमाइंडने बनवलेल्या आल्फागो या गो खेळणाऱ्या संगणकप्रणालीने ऑक्टोबर २०१५ मध्ये युरोपविजेते फान हुई यांना ५-० असे हरवले. पुढे २०१६ च्या अखेरीस हीच प्रणाली साईसारखीच खरी ओळख न देता, ‘मास्टर’ या नावाने इंटरनेटवर उतरली. नामवंत व्यावसायिक खेळाडूंविरुद्धचे साठही डाव जिंकल्यानंतर, जानेवारी २०१७ मध्ये ‘मास्टर’ म्हणजे आल्फागो हे जाहीर झाले.