भिंतीवरचा रातकिडा

पिनोकिओच्या मूळ इटालियन पुस्तकात चौथ्याच प्रकरणात एक खून होतो. म्हाताऱ्या जेपेत्तोला शिपायाने धरून नेलेलं असतं. लाकडी पोरगा एकटाच घरी येतो, दाराला कडी घालतो आणि खाली बसून सुटकेचा श्वास सोडतो. तेवढ्यात खोलीत काहीतरी किरकिरतं. भिंतीवर एक मोठा रातकिडा सावकाश वर चढत असतो. शंभराहून जास्त वर्षं आपण याच खोलीत राहतो, असं तो सांगतो. मग पोराला बजावतो, की आईबापांविरुद्ध जाऊन घर सोडणाऱ्यांचं भलं होत नाही; शाळा नको असेल तर निदान पोट भरण्यापुरता एखादा धंदा तरी शीक. पोरगा चिडतो आणि सुताराच्या बाकावरचा लाकडी हातोडा उचलून भिरकावतो. नेम लागेल असं कदाचित त्यालाही वाटलं नसेल, असं लेखक मध्येच म्हणून जातो. पण हातोडा नेमका डोक्यात बसतो. एकदा क्षीण किरकिरण्यापुरता जीव उरतो, आणि रातकिडा भिंतीलाच चिकटून राहतो.

जगभरच्या मुलांच्या ओळखीचा रातकिडा मात्र वेगळा आहे. त्याच्या डोक्यावर उंच टोपी असते, हातात छत्री असते, अंगात शेपटीचा कोट असतो. त्याचं नाव जिमिनी क्रिकेट. भिंतीवर चिकटलेला तो जीव १८८३ च्या पुस्तकातला आणि हा टोपीवाला १९४० च्या चित्रपटातला. दोघांचं कुळ एकच.

पुस्तकाचा लेखक कार्लो लोरेन्झिनी. आईच्या गावावरून त्याने कोलोदी हे टोपणनाव घेतलं. फ्लॉरेन्सचा हा पत्रकार इटलीच्या स्वातंत्र्ययुद्धात दोनदा स्वयंसेवक म्हणून लढला होता. पन्नाशीच्या आसपास त्याने शार्ल पेरोच्या फ्रेंच परीकथा इटालियनमध्ये आणल्या. सिंड्रेला, लाल टोपीवाली, झोपलेली राजकन्या या कथा लिहिताना पेरोची एक पद्धत होती. गोष्ट संपली की तात्पर्याचं पद्य तो खाली वेगळं जोडायचा. मला नेहमी वाटतं, की त्या भाषांतरातूनच कोलोदीला रातकिडा सापडला असावा. गोष्टीखालचं तात्पर्य त्याने उचललं, त्याला सहा पाय दिले, गोष्टीच्या आत आणून भिंतीवर बसवलं आणि चार वाक्यं बोलताच हातोड्याने मारून टाकलं. उपदेश ऐकताना मुलाच्या हाताला काय शिवशिवतं, हे इतक्या खरेपणाने सांगणारा बाललेखक त्याच्याआधी मला तरी भेटलेला नाही.

रातकिडाच का, याचं उत्तर फ्लॉरेन्समध्ये आहे. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, तिथल्या कास्चिने बागेत जत्रा भरते, तिला रातकिड्याचाच सण म्हणतात. पूर्वी तिथे लहानशा पिंजऱ्यांत रातकिडे विकायला असत आणि मुलं ते घरी नेत. त्याशिवाय चुलीपाशी उबेला येऊन राहणारा रातकिडा शुभ, हा समज युरोपात जुना होता. डिकन्सने १८४५ मध्ये अशा एका रातकिड्यावर कादंबरिकाच लिहिली. म्हणजे पिनोकिओ घरच्या भाग्यावरच हातोडा फेकतो.

पावसाळ्याच्या रात्री घरात रातकिडा शिरला, की त्याला शोधायला आपण उठतो. पाऊल जवळ पडलं की तो गप्प होतो. दिवा लावून कपाटामागे बघावं, काहीच दिसत नाही. दिवा मालवून पाठ टेकली, की पुन्हा किर्र सुरू. आवाज करतो तो नर, एका पंखाची कड दुसऱ्यावर घासून. पण आवाज नेमका कुठून येतोय हे कानाला कळत नाही. चूक करून बसलेल्या माणसाचं मन त्याला खातं, तेही असंच, अंधारात आणि दिशा न सांगता. मराठीत मनोदेवता असा सुंदर शब्द आहे. कोलोदीने तिला देवपण दिलं नाही, किड्याचं रूप दिलं. मला ते जास्त पटतं.

पिनोकिओची गोष्ट आधी रोममधल्या मुलांच्या साप्ताहिकात येत होती. पहिला हप्ता ७ जुलै १८८१ चा. त्याच्या चार वर्षं आधी, १८७७ मध्ये, नव्या एकसंध इटलीत सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करणारा कायदा झाला होता. रातकिड्याच्या तोंडी शाळा आणि धंदा येतो तो या काळातून. पंधराव्या प्रकरणात कोलोदीने पिनोकिओला ओकाच्या झाडावर फासावर लटकवलं आणि गोष्ट तिथेच संपवली. वाचकांना ते सहन झालं नाही. पुढच्या फेब्रुवारीत गोष्ट पुन्हा सुरू झाली आणि छत्तीस प्रकरणांवर जाऊन थांबली. त्या छत्तीसांत रातकिडा दिसतो फक्त चारदा. एकदा मरताना. एकदा भूत होऊन, काळोख्या रस्त्यावर झाडाच्या बुंध्यावर, चिनी मातीच्या झिरझिरीत दिव्यात रात्रभर तेवणाऱ्या वातीसारखा फिकट. एकदा परीच्या घरी, कावळा आणि घुबड यांच्या जोडीचा तिसरा वैद्य म्हणून. चौथ्या भेटीकडे शेवटी येतो.

वॉल्ट डिस्नेने 'स्नो व्हाइट' १९३७ च्या डिसेंबरात पडद्यावर आणला आणि लगेच पिनोकिओ हाती घेतला. काम अडलं. कोलोदीचा पोर उद्धट आणि आपमतलबी. पुस्तकात तो चालतो, कारण वाक्यावाक्याला लेखक त्याच्याशी भांडत असतो. पडद्यावर तसं भांडणारं कोणी नव्हतं. १९३८ मध्ये डिस्नेने काम थांबवलं. कठपुतळीला गोबऱ्या गालांचा भाबडा मुलगा केलं. पण खोड्या करणारा भाबडा झाला, तर त्याला वाईट वाटेवरून परत कोणी आणायचं? तेव्हा कथेत नगण्य असलेला रातकिडा वर काढण्यात आला.

तो आला वॉर्ड किंबॉल या तरुण चित्रकाराच्या टेबलावर. 'स्नो व्हाइट'मधलं बुटक्यांच्या सूप पिण्याचं दृश्य त्याने जीव ओतून केलं होतं आणि तेच कापलं गेलं होतं. नोकरी सोडायच्या विचाराने तो डिस्नेकडे गेला, आणि रातकिडा घेऊन बाहेर पडला. सुरुवातीच्या चित्रांत दातेरी पाय होते, वळवळत्या मिशा होत्या. असा प्राणी जवळून बघवेना. मग एकेक अवयव गळत गेला: आधी मिशा, मग जादा पाय, मग कीटकाचा चेहरा. उरला अंड्यासारख्या डोक्याचा, बिनकानांचा एक छोटा गृहस्थ. तो रातकिडा आहे याला पुरावा एवढाच, की सगळे त्याला तसं म्हणतात; हे किंबॉलनेच पुढे सांगितलं. मिटलेल्या पंखांची आठवण फक्त त्या शेपटीच्या कोटात राहिली, असं मला बघताना वाटतं. नावही तयारच होतं. 'जिमिनी क्रिकेट' हा अमेरिकन बोलण्यातला जुना उद्गार, येशू ख्रिस्ताचं नाव घ्यायचं टाळून काढलेला. 'स्नो व्हाइट'मधले बुटकेसुद्धा तो काढतात.

खरा बदल नात्यात झाला. कोलोदीचा रातकिडा घरचा जुना रहिवासी. त्याला बोलायचा हक्क शंभर वर्षांच्या वास्तव्याने मिळालेला. जिमिनी वाटसरू. फाटक्या कपड्यांत तो थंडीतून आत येतो, निखाऱ्यापाशी पाठ शेकतो, आणि निळी परी त्याला या मुलाची मनोदेवता नेमते, वर नवे कपडे देते. कामाच्या पहिल्याच सकाळी त्याला जाग उशिरा येते आणि तोवर कोल्हा पोराला पळवतो. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. इथे कान टोचणारा स्वतःच शिकाऊ आहे, चुकतो, रुसतो, परत येतो, पोरामागे समुद्राच्या तळापर्यंत जातो. मुलांना धाक घालणारा म्हातारा जाऊन बरोबर चालणारा सोबती मिळाला, हे डिस्नेचं देणं मोठं आहे. क्लिफ एडवर्ड्सच्या आवाजातल्या 'व्हेन यू विश अपॉन अ स्टार' या गाण्याला ऑस्कर मिळालं, आणि ती चाल पुढे डिस्ने कंपनीची ओळख झाली.

गमावला तो हातोडा. जिमिनीला कोणी मारत नाही, त्यामुळे डिस्नेच्या पिनोकिओच्या हातून न भरून येणारं असं काही घडत नाही. गिय्येर्मो देल तोरोने २०२२ मध्ये मुसोलिनीच्या इटलीत बेतलेल्या आपल्या चित्रपटात ते ओझं परत आणलं. तिथला सेबॅस्टियन रातकिडा लेखक आहे. पाइनच्या खोडातल्या पोकळीत तो आत्मचरित्र लिहीत बसलेला असतो आणि नेमक्या त्याच लाकडातून पिनोकिओ कोरला जातो, त्यामुळे त्याचं घर पोराच्या छातीतच येतं. तो पुन्हा पुन्हा चिरडला जातो. आपल्या वाट्याला आलेला एकुलता एक वर तो शेवटी पोराला जिवंत करण्यासाठी खर्च करतो.

तो चित्रपट पाहून मी कोलोदीचं शेवटचं प्रकरण परत काढलं. माशाच्या पोटातून सुटलेले बापलेक एका गवती झोपडीत शिरतात. वर तुळईवर रातकिडा बसलेला. पिनोकिओ त्याला लाडाने हाक मारतो. रातकिडा हातोड्याची आठवण देतो. पोर म्हणतं, मलाही हाकल, मार, पण बापावर दया कर. रातकिडा दोघांनाही ठेवून घेतो. मग पिनोकिओ विचारतो, बाबांसाठी पेलाभर दूध कुठे मिळेल. तीन शेतं ओलांडून एक माळी राहतो, त्याच्याकडे गाई आहेत, असं रातकिडा सांगतो. पुस्तकातलं त्याचं शेवटचं बोलणं हेच. पिनोकिओ माळ्याकडे जातो. खिशात पैसा नसतो, म्हणून एका पेल्यासाठी रहाट फिरवून शंभर बादल्या पाणी काढतो.