कवळीतली भेग

आजोबांची वरची कवळी जेवता जेवता बरोबर मधोमध दुभंगली. ‘पाडली असणार,’ असं घरात सगळ्यांनी ठरवलं, मीही. ‘नाही रे, पाडली नाही,’ एवढंच ते म्हणाले. त्या भेगेचा इतिहास मी शोधू लागलो, तो बऱ्याच वर्षांनी.

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कवळ्यांत हस्तिदंत, माणसांचे दात, शिसं आणि स्प्रिंगा होत्या. त्या लाकडाच्या होत्या ही शब्दशः दंतकथा. एकोणिसाव्या शतकात व्हल्कनाइट रबर आलं, १९३०च्या दशकात ॲक्रिलिक. पण कवळीत ताण कुठे साठतो, हे तोंडात डोकावून दिसत नाही. ते दाखवणारी रीत आली विमानविद्येतून. १९५६ साली टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या रचनेचे कागदावर लहान तुकडे कल्पून तिचा ताठरपणा मोजला. १९६० साली क्लफ यांनी या रीतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिलं. १९७३ पर्यंत ती दाढेपर्यंत पोचली होती, पुढे कवळीपर्यंत.

संगणकातल्या कवळीवर चावण्याचा भार टाकला की कारण उलगडतं. हिरडीखालचं हाड वर्षानुवर्षं झिजतं, टाळूचा कठीण मध्यभाग टेकू बनतो आणि प्रत्येक घासाला कवळी त्यावर किंचित वाकते. ओठाच्या आतल्या पट्टीसाठी ठेवलेल्या खाचेशी ताण एकवटतो. हजारो जेवणांनी ॲक्रिलिक थकतं.

कवळी पडूनही फुटते, हे खरं. पण घास चावताना मधोमध फुटलेली कवळी आजोबांच्या बाजूनं साक्ष देते. ती ऐकायला ते आता नाहीत.